क्रूझवर स्वतःची वाइन न्यायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघे सात रात्रींच्या क्रूझवर निघाला आहात, सोबत स्वतःच्या चार बाटल्या वाइन न्यायचा विचार आहे आणि त्यांपैकी एक रेड वाइन तुमच्या लग्नाच्या वर्षाची, म्हणजे २५ वर्षांपूर्वीची असून ती लग्नाच्या वाढदिवशी जहाजाच्या मुख्य जेवणघरात उघडायची तुमची इच्छा आहे. एवढ्या बाटल्या नेऊ देतात का, त्यांवर शुल्क किती लागते, वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली आत येऊ देतात का आणि ‘सगळेच कपड्यांत लपवून नेतात’ हे कितपत खरे, असे तुम्ही विचारले आहे. प्रवासी जहाजांच्या जेवणघरांत वाइन वाढण्याचे आणि पुढे तिचा साठा सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे केले असल्यामुळे हा व्यवहार जहाजाच्या बाजूने कसा दिसतो तेही या उत्तरात येईल.

खरी मेख बाटल्यांच्या संख्येत नाही. जहाजावर लागणारे शुल्क बहुतेक ठिकाणी बाटलीमागे ठरलेले असते. आतली वाइन साधी असो की दुर्मिळ, आकडा तोच. वजन, तपासणी, फुटण्याची भीती हा खटाटोपही प्रत्येक बाटलीमागे तेवढाच असतो. म्हणून आपल्याजवळची कोणती बाटली एवढ्या खटाटोपाच्या लायकीची आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: चारऐवजी दोन बाटल्या न्या, त्यांतली एक ती जुनी असू द्या, आणि उरलेल्या दोन घरीच राहू द्या. हे मत कशावरून, ते पुढे सविस्तर येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत आणि ते बदलतातही, त्यामुळे खाली लिहिलेले नियम दिशा दाखवण्यापुरते धरा आणि निघण्यापूर्वीच्या आठवड्यात आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचा. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या मद्यपानाचे वय पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रवाशाला, जहाजावर चढण्याच्या दिवशी, ७५० मिलिलिटरची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेनची बाटली हातातल्या सामानातून नेऊ देतात. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांच्याकडे प्रौढ प्रवाशामागे एक बाटली विनाशुल्क असते आणि त्यापुढच्या बाटल्या शुल्क भरून नेता येतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनची पद्धत अगदी निराळी आहे. तिथे बाटल्यांच्या संख्येवर बंधन नाही, पण चढतानाच प्रत्येक बाटलीवर शुल्क घेतले जाते, मग ती तुम्ही कुठेही बसून प्या. डिस्ने प्रत्येक प्रौढामागे वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन नेऊ देते आणि ही मुभा पुढच्या बंदरांवरही पुन्हा मिळते. वायकिंगच्या जहाजांवर स्वतःची वाइन न्यायला आणि प्यायला शुल्कच नाही. याउलट एमएससी आणि कोस्टा या कंपन्या बाहेरचे मद्य आत येऊ देत नाहीत. तुम्ही कोणत्या कंपनीचे तिकीट काढले ते लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर इथेच फिरते. तिकीट एमएससीचे असेल तर चारही बाटल्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

नियम वाचताना तीनचार शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मुभा माणशी आहे की केबिनमागे, हा पहिला. दुसरा बाटलीच्या मापाचा. बहुतेक ठिकाणी ७५० मिलिलिटर ही कमाल मर्यादा असते, त्यामुळे दोघांची मिळून दीड लिटरची एक मोठी बाटली असा हिशेब चालत नाही, आणि खोक्यातली वाइन तर सहसा दारातच अडवली जाते. तिसरी अट वयाची; अमेरिकी बंदरांवरून सुटणाऱ्या जहाजांवर ती सर्वसाधारणपणे २१ वर्षांची असते, इतरत्र अनेक सफरींवर १८. चौथी गोष्ट म्हणजे नियमात ‘वाइन आणि शॅम्पेन’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा पोर्ट किंवा शेरीसारख्या, मद्यार्काचे प्रमाण वाढवलेल्या वाइनचे काय, हे दारावरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर जाते. अशी बाटली न्यायची असेल तर कंपनीला आधी लिहून विचारावे आणि आलेले उत्तर छापून सोबत ठेवावे. दारावर उभा असलेला माणूस रांगेमुळे घाईत असतो. त्याला छापील ओळ दाखवली की वाद वाढत नाही.

कंपन्या एवढ्या काटेकोर का असतात, हे समजले की त्यांचे वागणे विचित्र वाटत नाही. तिकिटाच्या किमतीत मुक्काम आणि जेवण येते. नफ्याचा मोठा भाग जहाजावरच्या वरकड खर्चातून, म्हणजे मद्य, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांतून येतो. दुसरे कारण जबाबदारीचे आहे. बारमध्ये कोणी किती प्यायले हे आमच्या लोकांना दिसते आणि गरज पडल्यास हात आखडता घेता येतो. केबिनमध्ये चाललेल्या बैठकीचा हिशेब कोणालाच लागत नाही, आणि भरसमुद्रात कोणी कठड्यावरून तोल जाऊन पडले तर ते निस्तरणे फार अवघड असते. वाइनला सवलत आणि कडक मद्याला बंदी हा भेद बऱ्याच अंशी यातूनच आला आहे.

आता शुल्काकडे. नॉर्वेजियनसारखा अपवाद सोडला तर कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली आणल्याबद्दलचे शुल्क, ती कुठे उघडली जाते यावर अवलंबून असते. मुभेत बसणारी बाटली तुम्ही केबिनमध्ये किंवा स्वतःच्या बाल्कनीत उघडलीत तर पैसे लागत नाहीत. तीच बाटली जेवणघरात किंवा बारमध्ये आणलीत की शुल्क लागू होते. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर ते बाटलीमागे १५ डॉलरच्या घरात आहे, काही कंपन्यांकडे २० किंवा त्याहून अधिक. त्यावर सेवाशुल्क वेगळे लागते का, हेही विचारून घ्या, कारण जहाजावरच्या पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढते आणि कॉर्केजच्या बाबतीत सगळीकडे एकच रीत नाही.

शुल्क म्हणजे निव्वळ दंड, असे मात्र समजू नका. बाटली जेवणघरात आली की वाइन वाढणारा कर्मचारी ती नीट उघडतो, योग्य ग्लास मांडतो, हवी असेल तर बर्फाच्या बादलीत गार करतो, जुनी असेल तर गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओततो. रात्री उरलेली वाइन तो बूच लावून, गळ्यात केबिन क्रमांकाची चिठ्ठी अडकवून आत ठेवतो आणि दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या टेबलावर पुन्हा हजर करतो. यासाठी पुन्हा शुल्क घेत नाहीत. एक बाटली दोन रात्री पुरवणाऱ्या जोडप्याला ही सोय फार उपयोगी पडते, आणि अनेकांना ती असते हेच ठाऊक नसते. केबिनमध्ये ओतलेला एखादा ग्लास हातात घेऊन जेवायला येणाऱ्या प्रवाशाला कोणी अडवल्याचे मी पाहिलेले नाही; पण बाटली काखोटीला मारून यायचे आणि ती टेबलाखाली ठेवून गुपचूप ओतायची, हा प्रकार करू नये. आमच्या लोकांना तो लगेच दिसतो, आणि मग तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त संकोच वाटतो.

हिशेब एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, दुकानात १२ डॉलरला मिळणारी साधी वाइन तुम्ही नेली आणि जेवणघरात १५ डॉलर शुल्क भरलेत. एकूण २७ डॉलर झाले. त्याच दर्जाची बाटली जहाजाच्या यादीत ३६ डॉलरला असेल, तर १८ टक्के सेवाशुल्क धरून ती साधारण साडेबेचाळीसला पडते. म्हणजे वाचले सुमारे १५ डॉलर, आणि त्यासाठी सव्वा किलो वजनाची काच प्रवासभर सांभाळली. शुल्कच बाटलीपेक्षा महाग, असा हा नाकापेक्षा मोती जड प्रकार आहे. आता ५० डॉलरची चांगली बाटली घ्या. शुल्कासह ती ६५ ला पडते. तिच्या तोडीची बाटली जहाजाच्या यादीत १२० ला असेल, तर सेवाशुल्कासह १४० च्या वर जाते. बचत ७५ डॉलरच्या पुढे, आणि ओझे मात्र तेवढेच. म्हणूनच चांगली वाइन जेवणघरात आणावी, साधी वाइन नेलीच तर केबिनमध्ये उघडावी, आणि माणशी एकाच बाटलीची मुभा असेल तर ती साध्या वाइनवर खर्च करू नये.

या हिशेबात एक गोष्ट सहसा कोणी धरत नाही. वाइन बिघडलेली निघाली तर काय? बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनामुळे काही बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि फळाचा स्वाद मरून जातो. जहाजाच्या यादीतली बाटली अशी निघाली तर आम्ही ती परत घेऊन दुसरी देतो. त्यासाठी ग्राहकाला वाद घालावा लागत नाही. तुमची बाटली अशी निघाली तर दुसरी कुठून आणणार? शिवाय ती उघडून दिल्याचे शुल्क लागते ते लागतेच. स्क्रू-कॅपच्या, म्हणजे फिरवून उघडायच्या झाकणाच्या, बाटल्यांत हा धोका बराच कमी असतो आणि कॉर्कस्क्रूही शोधावा लागत नाही, म्हणून ‘प्रवासात कोणती नेऊ’ असे विचारणाऱ्याला मी स्क्रू-कॅपचीच सुचवतो.

आता तुमच्या जुन्या बाटलीविषयी, कारण खरी काळजी तिचीच आहे. जगात तयार होणारी बहुतेक वाइन काही वर्षांत पिऊन संपवावी अशाच बेताने केलेली असते. २५ वर्षे टिकून अधिक चांगली होणारी रेड वाइन थोडी. तुमची बाटली कोणत्या प्रकारची आहे आणि इतकी वर्षे ती कुठे राहिली, यावर सगळे अवलंबून आहे. थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवलेली असेल तर आशा बाळगा. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात उभी राहिली असेल, तर बूच सुकून आत हवा शिरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. निघण्यापूर्वी ती प्रकाशासमोर धरून वाइनची पातळी पाहा. ती अजून गळ्यात असेल तर ठीक. खांद्याच्या खाली उतरली असेल किंवा बुचाच्या कडेने चिकट ओघळ दिसत असेल, तर आतली वाइन बहुधा बिघडलेली आहे. तसे असले तरी ती नेऊ नका, असे मी म्हणणार नाही. लग्नाच्या वर्षाची बाटली केवळ चवीसाठी उघडली जात नाही. फक्त त्या रात्रीसाठी दुसरी एखादी बाटली हाताशी असू द्या. मघाशी दोन बाटल्या म्हटले, ते यासाठीच.

एवढ्या जुन्या रेड वाइनमध्ये तळाशी गाळ असतो, आणि विमान, टॅक्सी, बंदरावरची ढकलगाडी असा प्रवास झाला की तो सगळा ढवळून निघतो. ढवळलेली वाइन गढूळ दिसते आणि जिभेवर कडवट, चरचरीत लागते. म्हणून चढल्याच्या रात्री ती उघडू नका. पहिल्याच संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य वाइन स्टुअर्डला, म्हणजे वाइन वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, गाठा, बाटली त्याच्या ताब्यात द्या, कोणत्या रात्री उघडायची ते सांगा आणि तोवर ती उभी ठेवायला सांगा. इंजिनाचे कंपन थोडेफार असतेच, तरीही दोनतीन दिवसांत बराचसा गाळ खाली बसतो. जेवणघराच्या साठ्याचे तापमान तुमच्या केबिनपेक्षा नक्कीच चांगले असते, हा आणखी एक फायदा. वाढदिवस सफरीच्या दुसऱ्याच दिवशी येत असेल, तर कंपनीला आधी लिहून चढल्याबरोबर बाटली स्वीकारायची विनंती करा.

उघडण्याचे कामही त्यालाच करू द्या. २५ वर्षांचे बूच ओलसर आणि ठिसूळ झालेले असते. नेहमीचा कॉर्कस्क्रू त्यात फिरवला की मधला भाग भुसा होऊन वर येतो आणि कडा काचेलाच चिकटून राहतात. अशा बुचासाठी दोन पातळ पोलादी पात्यांचे एक हत्यार असते. त्याचे लांब पाते बूच आणि काच यांच्यामध्ये आधी सरकवायचे, मग आखूड पाते, हलकेच पुढेमागे डोलवत दोन्ही पूर्ण आत न्यायची आणि मग पिळत पिळत वर ओढायचे. बूच दोन्ही पात्यांच्या चिमट्यात अखंड बाहेर येते. प्रत्येक स्टुअर्डकडे ते असेलच असे नाही, म्हणून बाटली देतानाच विचारून ठेवावे. ते नसेल आणि बुचाचे कण आत पडले, तर बारीक गाळणीने ते अडवता येतात. ओतताना गाळ कधी गळ्यापाशी येतो ते दिसावे म्हणून जुन्या पद्धतीत बाटलीच्या गळ्यामागे मेणबत्ती धरतात. जहाजावर उघड्या ज्योतीला मनाई असल्याने तिथे टॉर्च वापरतात, आणि खरे सांगायचे तर टॉर्चच्या उजेडात गाळाची रेघ अधिक स्पष्ट दिसते. एक विनंती अवश्य करा: एवढी जुनी वाइन तास दोन तास आधी ओतून ठेवायला सांगू नका. तिचा उरलासुरला सुगंध नाजूक असतो आणि हवेत लवकर उडून जातो. जेवण सुरू होण्याच्या वेळी ओतली म्हणजे पुरे.

बाटली जहाजापर्यंत पोहोचवण्यात एक गमतीदार अडचण आहे. विमानाने बंदराच्या शहरी जाणार असाल, तर १०० मिलिलिटरच्या मर्यादेमुळे वाइन हातातल्या बॅगेत नेता येत नाही, ती चेक-इनच्या सुटकेसमध्ये घालावी लागते. जहाजावर नेमके याच्या उलट असते. बहुतेक कंपन्या ती हातातल्या सामानातच मागतात. म्हणजे मध्ये कुठेतरी, शक्यतो आदल्या रात्रीच्या मुक्कामी, बाटल्या सुटकेसमधून काढून खांद्यावरच्या बॅगेत घालण्याची आठवण ठेवायला हवी. हे राहून गेले तर जहाजाच्या एक्स-रे तपासणीत बाटली दिसते, सुटकेस बाजूला काढली जाते आणि पहिल्या संध्याकाळी केबिनच्या दाराशी सामान न आल्यामुळे तुम्हाला सुरक्षा कक्षात जाऊन ती सोडवून आणावी लागते. विमानाच्या नियमांत २४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयांवर धोकादायक मालाची मर्यादा नसते, त्यामुळे वाइनची अडचण फक्त वजनाची आणि फुटण्याची. प्रत्येक बाटली बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जाड कपड्यांत गुंडाळून सुटकेसच्या मध्यभागी ठेवावी, कडेला नाही. स्पार्कलिंग वाइनची काच जाड असल्याने ती जास्त जड असते, हेही वजनात धरा. कॉर्कस्क्रू मात्र नेऊ नका. त्याला जोडलेल्या लहान पात्यामुळे तपासणीत उगाच प्रश्न निघतात, आणि केबिनची देखभाल करणाऱ्याला सांगितले तर तो कॉर्कस्क्रू आणि ग्लास दोन्ही आणून देतो.

आणखी एक, उन्हाचे. बंदरावर पोहोचण्यापूर्वी गाडी उभी करून कुठे जेवायला जाणार असाल, तर बाटल्या डिकीत सोडू नका. बंद गाडीतली उष्णता तासाभरात वाइनमधला फळाचा स्वाद मारते आणि बूच थोडे वर ढकलते. अशी वर आलेली बुचे मी वारंवार पाहिली आहेत, आणि बाटलीच्या मालकाला ते सांगण्याचे काम आनंदाचे नसते.

केबिनमध्ये बाटली कपाटाच्या तळाशी, कपड्यांच्या आधाराने आडवी ठेवावी. टेबलावर किंवा फळीवर उभी ठेवलेली बाटली समुद्र खवळला की खाली येते. केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर फार भरवसा ठेवू नका. अनेक जहाजांवर ते नुसते गारवा राखणारे कपाट असते आणि व्हाइट वाइन हवी तेवढी थंड होत नाही. बर्फाची बादली मागवा आणि तिच्यात बर्फाइतकेच पाणी घाला. नुसत्या बर्फापेक्षा बर्फमिश्रित पाण्यात बाटली कितीतरी लवकर गार होते, व्हाइट वाइनला साधारण २० मिनिटे आणि स्पार्कलिंगला अर्धा तास पुरतो. रेड वाइन केबिनच्या तापमानाला, म्हणजे २२ किंवा २३ अंशांना पिण्यात मजा नाही. ती १६ ते १८ अंशांवर छान लागते, म्हणून उघडण्यापूर्वी तिलाही त्या छोट्या फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून द्या. तेवढ्या कामाला तो फ्रिज चालतो.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. जहाजाच्या प्रवासाने बिघडण्याऐवजी सुधारणारी एक वाइन इतिहासात होऊन गेली, ती मदेरा बेटावरची. उष्ण कटिबंधातून जहाजाच्या पोटात फिरून आलेली पिंपे चवीला अधिक चांगली लागतात असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि पुढे ती मुद्दाम फेरीला पाठवली जाऊ लागली. आजची मदेरा उष्णता देऊनच तयार करतात, त्यामुळे तिला केबिनची ऊब बाधत नाही आणि उघडल्यावरही ती अनेक आठवडे टिकते. तुमच्या कंपनीने लेखी होकार दिला तर दुसरी बाटली म्हणून मी हिचाच विचार करीन. रोज जेवणानंतर दोघांना थोडी थोडी, सातही रात्री पुरते. नेहमीची रेड किंवा व्हाइट वाइन उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस बरी राहते, स्पार्कलिंग तर एकदोन दिवसांतच मरगळते.

बंदरावर घेतलेल्या बाटलीबद्दल. डिस्नेसारखे अपवाद वगळता चढण्याच्या दिवसाची मुभा पुढच्या बंदरांना लागू होत नाही. परत चढताना तपासणीच्या यंत्रापाशी बाटली घेतली जाते, पावती मिळते आणि सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी किंवा शेवटच्या सकाळी ती परत केली जाते. जहाजाच्या स्वतःच्या ड्यूटी-फ्री दुकानातल्या मद्याचेही बहुतेक ठिकाणी असेच असते. तेव्हा वाटेतल्या द्राक्षमळ्यात आवडलेली बाटली घरी नेण्यासाठी जरूर घ्या, पण ‘आज रात्री पिऊ’ या हिशेबाने घेऊ नका. तशी हौस असेल तर ती तिथेच, किनाऱ्यावर जेवताना उघडलेली बरी.

लपवून नेण्याविषयी माझे उत्तर सरळ आहे: करू नका. शाम्पूच्या बाटल्यांत, मळकट कपड्यांत, पाण्याच्या बाटलीचे झाकण पुन्हा चिकटवून, असे सगळे प्रकार तपासणाऱ्यांनी शेकडो वेळा पाहिलेले असतात, आणि एक्स-रेच्या पडद्यावर द्रवाने भरलेली वस्तू फार ठळक दिसते. काही जण यातून निसटतात हे खरे. पण सापडलेले मद्य प्रत्येक कंपनी परत देतेच असे नाही. कार्निव्हलसारख्या कंपनीच्या नियमात ते नष्ट केले जाते असे स्पष्ट लिहिलेले आहे. १२ डॉलरची बाटली गेली तर माणूस हळहळून गप्प बसेल. तुमची २५ वर्षांची बाटली अशा रीतीने गेली, तर ती जगात कुठेही पुन्हा विकत मिळणार नाही.

पेयांचे पॅकेज घेण्याचा विचार असेल तर तो बाटल्या भरण्यापूर्वी करा. अनेक कंपन्या एका केबिनमधल्या सर्व प्रौढांनी ते घेतलेच पाहिजे अशी अट घालतात आणि त्यात ठरावीक किमतीपर्यंतची ग्लासातली वाइन येते. दोघांनी पॅकेज घेतले की साधी वाइन सोबत नेण्याचे कारणच उरत नाही. जुनी बाटली तेवढी न्यावी.

शेवटी जकातीचे. जहाज ज्या देशातून सुटते तिथे तुम्ही बाहेरून येणार असाल, तर बाटल्यांचा पहिला हिशेब विमानतळावरच होतो. अमेरिकेत २१ वर्षांवरील प्रवाशाला साधारणपणे एक लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरची एकच बाटली. त्यापुढच्या बाटल्या जाहीर कराव्या लागतात आणि त्यांवर कर लागू शकतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रौढाला साध्या वाइनचे चार लिटर करमुक्त आणता येतात. परतीच्या प्रवासात स्वतःच्या देशाची मर्यादा पुन्हा लागू होते, आणि बंदरावर घेतलेल्या, शेवटच्या दिवशी हाती पडलेल्या बाटल्याही तिच्यात धरल्या जातात. त्या हाती येईपर्यंत सामान बांधून झालेले असते, कारण मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात; विमानाने परतणार असाल तर बंदरावर बॅगा मिळाल्यावर त्या बाटल्या पुन्हा चेक-इनच्या सामानात घालाव्या लागतील. सुटकेसमध्ये तेवढी जागा आणि दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या आधीच राखून ठेवा. केबिनमध्ये अर्धवट उरलेली बाटली शेवटच्या रात्री जेवणाआधीच संपवा, कारण उघडलेली बाटली तुम्हाला सुटकेसमध्ये भरवणार नाही आणि विमानतळावर हातातूनही नेता येणार नाही.